मिस्त्रीचाचांची नाकाने घेतलेली हजेरी

मिस्त्रीचाचा रोज सकाळी मजुरांची तोंडे हुंगत. नंदुरबारला स्टेशनाजवळ मिरचीच्या वखारीचे बांधकाम चालू होते आणि मी तिथे ठेकेदारशेटचा कारकून होतो. माझी हजेरी वहीत, चाचांची नाकाने. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यापुढे उभे राहून आपले नाव मोठ्याने सांगायचे. मोहाच्या दारूचा वास आला की तो गडी त्या दिवशी खाली चुना कालवायला. मजुरी तीच, बोलणी मात्र दिवसभर.

चाचा पाच वेळचे नमाजी, पण उपदेश कुणाला केला नाही. "पेवानं तुन्हा हातमा शे, वर चढाडानं मन्हा हातमा," एवढेच म्हणत.

शेटकडे त्यांनी परांचीसाठी नवी दोरी दोनदा मागितली होती. एवढे काम जुन्या दोरीवरच उरकू, असे शेट म्हणाले. चाचा पुटपुटले, पण परांची बांधली त्यांनीच. चौथ्या दिवशी भर दुपारी दोरी तुटली आणि नवापूरकडच्या डोंगरातला गोमा खाली आला. मांडीचे हाड मोडले.

कामावर मजुराला इजा झाली तर ठेकेदाराने भरपाई द्यायची, हा कायदा तेव्हा तसा नवाच होता. मजूर प्यालेला असेल तर त्यातून सुटता येते, एवढेच त्यातले शेटना पाठ. संध्याकाळी त्यांनी मला कागद सांगितला, की गोमा दारू पिऊन चढला होता. खाली माझी सही, चाचांची सही, आणि दवाखान्यात जाऊन गोमाचा अंगठा. खोटे कशाला बोलू, मी तो मुकाट्याने लिहिला. घरात दोन पोरी होत्या आणि नोकरी ही एकच.

चाचांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला. मग शेटना शांतपणे म्हणाले, "गोमाना तोंडना वास सकायमा मीच लिधा. पेल व्हता आसं लिखा, ते पेल मानूसले मिस्त्रीनी चढाडं आसं बी लिखा. दोरी सडेल व्हती हाई माले मालूम व्हतं. कोर्टमा मी तेच सांगसू."

शेटनी शिव्या चाचांना दिल्या आणि कागद माझ्या हातातून घेऊन फाडला. मला इतके हायसे वाटले की मी बाहेर जाऊन रांजणातले पाणी तांब्यावर तांब्या प्यालो. पुढे गोमाला भरपाई मिळाली, हाडही सांधले.

वखार उभी राहिली आणि शेटनी चाचांना पुन्हा कामावर बोलावले नाही. ते सुरतेला मुलाकडे निघाले, तेव्हा मी स्टेशनावर गेलो. गोमा आधीच आला होता, किंचित लंगडत. तुम्ही आम्हा दोघांना वाचवलेत, असे मी चाचांना म्हणालो. त्यांना ते मुळीच आवडले नाही.

"वाचाडं काय, भाऊ? त्याले पाडं बी मीच ना."

 गोमाने चाचांची हत्यारांची पेटी डोक्यावर घेतली, डब्यात चढवली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला, दोन्ही पायांवर.