पडणाऱ्याकडे बघा

मारामारीचा पिक्चर बघून झाला की माणसं हिरोबद्दल बोलतात. त्याने लाथ कशी मारली, एकट्याने एवढ्या सगळ्यांना कसं लोळवलं, वगैरे. गादीवाल्यांच्या दुकानात शुक्रवारी दुपारी जमणारी चौकडी मात्र हिरोला फारसा भाव देत नसे. तिथे चर्चा चालायची ती पडणाऱ्यांची. कोण खरा पडला, कोण नुसताच आडवा झाला, कुणी पडायच्या आधी हळूच खाली बघून जागा हेरून ठेवली. ही खोड सगळ्यांना लावली होती गादीवाल्यांच्या बायकोने.

“मारणारा काय, कुणीही असतो,” वहिनी म्हणायच्या. “हात फिरवायला काय लागतं? पडणाऱ्याकडे बघा. मार त्याने खायचा, आणि पोस्टरवर त्याचा कानसुद्धा दिसत नाही.”

त्या सगळ्यांच्याच वहिनी होत्या. चौकडीत त्या, त्यांचे गादीवाले, एक बस कंडक्टर आणि शाळेत भूमिती शिकवणाऱ्या मॅडम. दुकान पुढे, घर मागे आणि मधे एक जाड पडदा, अशी ती जागा. आठवडाभर प्रत्येकाने आपापल्या घरी ठरलेला पिक्चर बघायचा आणि शुक्रवारी फोमच्या गुंडाळ्यांवर बसून मत द्यायचं. पिक्चर कधी कोरियाचा, कधी हाँगकाँगचा, कधी थायलंडचा. नावं एकालाही धड उच्चारता यायची नाहीत, म्हणून मारामारी जिथे झाली असेल तेच पिक्चरचं नाव. मासळीबाजाराचा, गच्चीचा, लिफ्टचा. कंडक्टरला हसवत हसवत मारणारे जुने हिरो आवडायचे. मॅडमना कॅमेरा मधेच कापलेला खपायचा नाही. लाथ निघाली तिथपासून लागली तिथपर्यंत एका दमात दिसलीच पाहिजे, नाहीतर त्या सरळ अर्धे मार्क कापायच्या. आणि वहिनी गर्दीतला एखादा निळ्या शर्टाचा गुंड पकडायच्या. “तो बघितला का, मागच्या टेबलावरचा? पाठीवर पडला बिचारा, थेट. त्याची आई हा पिक्चर बघत असेल तर तिच्या जिवाचं काय होत असेल?”

गादीवाल्यांना या सगळ्यात मत असं फार नसायचं. आयुष्यभर गाद्या शिवल्या, ज्यूदोच्या क्लासच्या मॅटही शिवल्या, त्यामुळे पडणारा कुठे पडला आणि खाली काय होतं एवढंच त्यांच्या डोळ्यांत भरायचं. बाकी वेळ ते बायकोकडे बघत बसायचे. ती तावातावाने बोलायला लागली की हातातलं दाभण तसंच हवेत राहायचं आणि टाका घालायचा राहून जायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस असा टकामका बघत बसतो, यावरून कंडक्टर त्यांची यथेच्छ थट्टा करायचा.

मग एका दुपारी वहिनी बाथरूमच्या दारात ओल्या फरशीवरून घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून “छान झालंय” असंही सांगितलं. पण वहिनी उभ्या राहिनात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, तेही नवऱ्याचा हात घट्ट धरून. हात सुटला की तोंड पांढरंफटक. व्यायाम घ्यायला एक ताई यायची, तिने शेवटी गादीवाल्यांना दुकानात बाजूला घेऊन सांगितलं, “काका, हाडाचं काम झालंय. पण काकू अशाच बसून राहिल्या तर पायांतली ताकद जाईल, आणि मग मनात आलं तरी चालता येणार नाही. आता फार वेळ घालवून चालणार नाही.”

गादीवाल्यांची अन्नावरची वासना उडाली. कामाचंही तसंच. मशीन सुरू केलं की एक शिवण होण्याआधीच पाय उचलायचे, मान वळवून कान द्यायचे, आत काही आवाज नाही असं बघून परत पाय टेकवायचे. अशाने गादी शिवून होते का? गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. त्यांनी ऐकून घेतलं, पण पाय काही ऐकेना.

शुक्रवारची बैठक मात्र चालू राहिली. वहिनींना आतून ऐकू यावं, तेवढाच विरंगुळा, म्हणून. पण त्यात चौकडीतल्या तिघांनी एक दीडशहाणपणा केला. मॅडमनीच दटावून ठरवलं की वहिनींच्या कानावर पडण्याबिडण्याचं काही जाऊ द्यायचं नाही. झालं! ज्या मंडळींच्या गप्पांत दुसरा विषय नव्हता, ती मंडळी तो एक विषय सोडून बोलायला लागली. पिक्चरमधले गुंड आता बसत होते, टेकत होते, बाजूला होत होते. कंडक्टर तर “पाऊस पडतोय” म्हणता म्हणता जीभ चावून “पाऊस आलाय” म्हणायचा. वहिनी आत गप्प असायच्या. त्यांना बरं वाटत असावं, असा या शहाण्यांचा समज.

त्या शुक्रवारी लाँड्रीचा पिक्चर होता. कोरियाचा. लाँड्री चालवणारी एक वयस्क बाई आणि तिची जागा बळकावायला आलेले गुंड. कंडक्टर रंगात आला होता.

“आणि मग ती म्हातारी धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन जिन्याच्या टोकाला येते. मागून तो टकल्या येतो आणि तिला ढकलतो. आणि ती... ती...”

मॅडमनी डोळे वटारले.

“ती खाली येते,” कंडक्टर म्हणाला.

“कशी येते?” गादीवाल्यांनी भाबडेपणाने विचारलं. त्यांचा पिक्चर अर्धाच बघून झाला होता.

“कशी म्हणजे? येते. जिन्याने.”

पडद्यामागून आवाज आला, “ढकललेलं माणूस जिन्याने खाली येतं होय रे? तिकीट काढून?”

तिघेही जागच्या जागी थिजले.

“पडली म्हण ना!” वहिनींचा आवाज चढला आणि चढता चढताच फुटला. “किती शुक्रवार झाले, मी इथे बसून ऐकतेय. तुमच्या पिक्चरमध्ये कुणी पडतच नाही. मला वाटायचं, एखादा तरी विचारेल, वहिनी, हा कसा पडला? कुणी नाही. मी मोडले ती एकदाच मोडले रे. तुम्ही तर मला काढूनच टाकलंत.”

कंडक्टरने टोपी हातात घेतली. दोघेही खाली मान घालून निघून गेले, आणि गादीवाले पडदा सारून आत आले. वहिनी खुर्चीत बसून पदराआड तोंड लपवावं तसं हातांनी तोंड झाकून रडत होत्या. ते खाली फरशीवर, त्यांच्या पायांशी बसले.

“चुकलं आमचं,” ते म्हणाले. “तुला भीती वाटते म्हणून...”

“पडायची नाही हो वाटत.” वहिनींनी नाक पुसलं. “पडले ते तर कळलंसुद्धा नाही. पण नंतर... तुमचं मशीन चालू होतं. मी हाका मारत होते. मला मशीन ऐकू येत होतं आणि तुम्हाला मी ऐकू येत नव्हते. गाल फरशीला लागलेला, पलंगाखाली तुमची हरवलेली चप्पल दिसत होती. मला वाटलं, आता आपल्याला कधी उठताच येणार नाही. त्याची भीती बसलीय.”

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. गादीवाल्यांनाही मशीनचंच शल्य होतं, पण तेही कधी बोलले नव्हते. त्यांनी बायकोच्या पावलावर हात ठेवला. त्यांचेही डोळे वाहत होते.

संध्याकाळी त्यांनी उरलेला पिक्चर बघितला. या पिक्चरवाल्यांची एक छान रीत असते. गोष्ट संपली, नावं वर सरकायला लागली की बाजूला फसलेले प्रसंग दाखवतात. कुणाचा नेम चुकला, कुणाला मधेच हसू आलं, कोण भलतीकडेच पडलं. वहिनी त्याला शेवटची गंमत म्हणायच्या आणि ती बघितल्याशिवाय कुणाला उठू द्यायच्या नाहीत. लाँड्रीच्या पिक्चरमध्येही ती होती. गादीवाल्यांनी ती बघितली, थांबवली, पुन्हा बघितली आणि फोन घेऊन तडक आत गेले.

“एवढंच बघ. बाकी नको बघू.”

फोनवर ती वयस्क नटी गाठोड्यासकट भलत्याच बाजूला पडली. खाली निळी गादी होती. चारी बाजूंनी माणसं धावली. तिने पडल्या पडल्याच हात वर करून त्यांना थांबवलं. खदखदून हसली, कुशीवर वळली, गुडघे टेकले, एका खोक्याला धरून उभी राहिली आणि पुन्हा जिन्याकडे चालायला लागली.

“कुणाला हात लावू दिला नाही तिने,” वहिनी हळूच म्हणाल्या. “परत दाखवा.”

त्यांनी परत दाखवलं.

“गादीचा कोपरा उसवलाय,” गादीवाले म्हणाले. “आणि फोम फारच मऊ घातलाय. बघ, कोपर कसं रुततं. उठायला जोर कुठून मिळणार?” एवढं बोलून त्यांनी बायकोकडे बघितलं.

“मला पडायला नीट गादी करता तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

त्यांनी ताईला फोन लावला. चिडेल असं वाटलं होतं, पण ती उलट खूश झाली. “अहो, पडल्यावर उठायचं कसं हेच तर मला शिकवायचंय! पण त्या खाली टेकायलाच तयार नाहीत. न मोडलेल्या बाजूच्या कुशीवर कलंडायचं, हळू, आधी बसून. मी स्वतः आल्याशिवाय काही करायचं नाही, सांगून ठेवते.”

आठवडाभर गादीवाल्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. खाली कडक फोम, वर मऊ, म्हणजे लागणारही नाही आणि रुतणारही नाही. वर जाड कॅनव्हास, कोपऱ्यांना दुहेरी शिवण. जवळजवळ खोलीभर मोठी गादी. मशीनवरून पाय उचलून कान द्यायचं चालूच होतं, पण आता आतून आवाज यायचा, “काही नाही झालेलं! शिवा!”

शुक्रवारी पलंग भिंतीला सरकवला. वहिनी खुर्चीत, ताई त्यांच्या शेजारी, आणि आधी पाहुण्यांनी पडायचं असं ठरलं. कंडक्टर छातीला हात लावून, गोळी लागल्यासारखा गरगर फिरून, “आई गं” म्हणत कोसळला.

“खोटा!” वहिनी म्हणाल्या. “गोळी लागलेला माणूस टोपी सांभाळतो का रे?”

मॅडमनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, पर्स कपाटात ठेवली आणि फळा निसटावा तशा सपाट, सरळ पडल्या.

“मॅडम, माणसाला गुडघे असतात,” वहिनी म्हणाल्या. “पण मन लावून पडलात.”

मग गादीवाले. ते आधी गादीच्या कडेला गेले, शिवण चाचपली, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि अलगद कलंडले.

“हे काय!” वहिनी हसून हसून पुढे वाकल्या. “तुम्ही पडला नाहीत, तुम्ही स्वतःला ठेवलंत. गादी चुरगळेल म्हणून!”

किती महिन्यांनी ती अशी हसत होती. गादीवाले आडवेच राहून तिच्याकडे टकामका बघत होते आणि आज कंडक्टरने थट्टा केली नाही.

हसू ओसरलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आता मी.”

ताईने त्यांना आधी गादीवर बसवलं आणि बसल्या जागेवरून कुशीवर कलंडायला लावलं. एकदा, दोनदा, बऱ्याचदा. वळायचं, गुडघे, मग खुर्चीचा आधार. पहिल्यांदा वहिनी उठताना गादीवाल्यांनी डोळेच मिटून घेतले. मग ताईने त्यांना उभं केलं. वहिनींनी नवऱ्याचा हात धरला होता. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, एक एक बोट सोडलं आणि स्वतःला जाऊ दिलं.

धप्प.

गादीवाले पुढे झेपावले. वहिनींनी पडल्या पडल्या हात वर केला. “थांबा. कुणी हात लावायचा नाही.” थोडा वेळ त्या तशाच पडून राहिल्या, छताकडे बघत, धापा टाकत. मग वळल्या, गुडघे टेकले, खुर्ची धरली, आणि उभ्या राहिल्या. मॅडम रडत होत्या. कंडक्टर म्हणाला, “वहिनी, कॅमेरा कुठेही कापला नाही. पैकीच्या पैकी.”

“चहा करा कुणीतरी,” वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीला धरून दोन पावलं चालल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही काय उभे आहात? गिऱ्हाइकं ताटकळलीत. जा, मशीन चालवा.”

ते गेले. स्टुलावर बसले, खोळ सुईखाली घेतली, पायाने मशीन दाबलं. धडधड सुरू झाली. शिवण अर्ध्यावर आली आणि आत, मशीनच्या आवाजातूनही कळेल असा, धप्पकन आवाज झाला.

पाय आपोआप उचलला गेला. मशीन थांबलं.

“मीच आहे!” पडद्यामागून वहिनींचा आवाज आला. “उठतेय! तुम्ही शिवा!”

गादीवाल्यांनी बाहीने डोळे पुसले, पाय मशीनवर टेकवला आणि शिवण शेवटपर्यंत नेली.