बाळ बाहेर झोपलंय

माझ्या विहीणबाई डेन्मार्कच्या आहेत असं सांगितलं की आमच्या मंडळातल्या बायका आधी "अय्या!" म्हणतात आणि मग विचारतात, "पण त्या खातात काय हो?" अहो, सगळं खातात! माझ्या हातची ज्वारीची भाकरी लोणी थापून खाल्ली त्यांनी, आणि वर दुसरी मागितली. खाण्यावरून आमचं कधी बिनसलंच नाही. बिनसलं ते झोपण्यावरून, आणि तेही माझ्या पाच महिन्यांच्या नातीच्या.

आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायच्या थोडं पुढे राहतो. आमचे हे गाड्यांच्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. नात झाल्यावर लेक-जावई अपार्टमेंट सोडून आमच्याकडे राहायला आले होते, पुढचं ठरेपर्यंत म्हणून. पुढचं म्हणजे काय, तर जावयाला डेन्मार्कात त्याच्या गावाजवळ नोकरी चालून आली होती. एकीकडे ती नोकरी, आणि एकीकडे आमच्या मागच्याच गल्लीत विकायला निघालेलं घर. उत्तर महिन्याअखेर द्यायचं होतं. लेक मला हळूच म्हणाली होती, "आई, आय थिंक वी आर स्टेइंग. त्याला अजून सांगू नकोस." मी कशाला सांगते! मी तर त्या घराच्या स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा इथपर्यंत मनात जाऊन आले होते. मागची गल्ली म्हणजे वरणाचा डबा गरम असतानाच पोचतो.

अशात विहीणबाई नात बघायला आल्या. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की यांना इथलं सगळं आवडायला हवं, म्हणजे त्या मुलाच्या कानाला लागणार नाहीत. बाई तशा लाख माणूस. रिटायर्ड नर्स, उंचपुऱ्या, हसणं खणखणीत. माझी लेक त्यांना चक्क नावाने हाक मारते. सासूला नावाने! त्यांच्याकडे तसंच म्हणे. मी कानांना सवय लावून घेतली.

पण त्यांची एक सवय काही माझ्या पचनी पडेना. बाळाला दुपारी झोपवायचं म्हटलं की त्या तिला लोकरीत गुंडाळणार, बाबागाडीत घालणार आणि गाडी घराबाहेर नेऊन ठेवणार. नोव्हेंबरात! मिशिगनच्या! त्यांच्याकडे म्हणे सगळीच बाळं अशी बाहेर झोपतात. आई आत कॉफी पीत बसते, आणि बाळ हॉटेलाबाहेर फुटपाथवर गाडीत. "गार हवेत झोप गाढ लागते, छाती मोकळी राहते," हे त्या नर्सच्या सुरात सांगत. माझा जीव वरखाली व्हायचा. आमच्या घरी बाळाच्या टाळूवर तेल, कानात कापूस, डोक्यावर टोपडं, आणि खिडकीची फट दिसली तरी सगळ्या बायका ओरडायच्या. पण लेकीने दटावलं, "आई, शी इज फाइन, लेट इट गो." बघितलं तर पोर खरंच तास दीड तास गाढ झोपायची, गाल लालबुंद. मी गप्प बसले. फक्त एकच सांगितलं, "गाडी मागे ठेवा, डेकवर. पुढे रस्त्याच्या बाजूला नको."

"का?" विहीणबाईंनी विचारलं.

"इथे लोकांना आवडत नाही."

"लपवण्यासारखं काय आहे यात?"

आता याला काय उत्तर द्यावं? मी म्हटलं, "तुमच्याकडे नसेल, इथे आहे." त्यांना ते लागलं. पण गाडी मागे ठेवली.

आता समोरची शेजारीण. एकटीच राहते, सत्तरीची असेल. स्वभावाने गोड. कुणी आजारी पडलं की बनाना ब्रेड घेऊन दारात हजर. नात झाली तेव्हा स्वतः विणलेलं ब्लँकेट आणून दिलं होतं. विहीणबाई आल्या त्या आठवड्यात ड्राइव्ह-वेवर भेटली आणि तोंडभरून म्हणाली, "यू मस्ट कम ओव्हर समटाइम!" विहीणबाईंनी त्याचा अर्थ काय घेतला असेल? अहो, या म्हटलं म्हणजे या! दुसऱ्या दिवशी त्यांनी केक केला आणि न कळवता तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ती बिचारी घरातल्या कपड्यांत. अर्धं दार उघडून केक घेतला, "ओह, सो स्वीट ऑफ यू" असं तीनदा म्हणाली आणि आत काही घेतलं नाही. विहीणबाई रागाने लाल होऊन परतल्या. "बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं? ही कुठली रीत?"

मी समजावलं की ते बोलावणं नव्हतं, ती नुसती बोलायची पद्धत आहे. "म्हणजे खोटं बोलली," त्या म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. खोटं नाही हो, पण खरंही नाही, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगायचं? मराठीत तरी कसं सांगायचं!

मग ते निस्तरायला म्हणून मीच शेजारणीला रीतसर चहाला बोलावलं. वार, वेळ, सगळं ठरवून. चिवडा केला, शंकरपाळे केले. सुरुवात छान झाली. मग शेजारणीने सहज विचारलं, "तुमच्याकडे डॉक्टर सरकारच ठरवतं ना? तुम्हाला चालतं ते?" विहीणबाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "माझ्या सुनेला बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कामावर जावं लागलं. तुम्हाला चालतं ते?" मी शंकरपाळ्यांची बशी पुढे केली. कुणी घेईना. तेवढ्यात विहीणबाईंनी अगदी साधेपणाने, हवापाणी विचारावं तसं विचारलं, "तुम्ही मत कुणाला दिलंत?"

झालं! आमच्या गल्लीत आम्ही तीस वर्षं राहतोय. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचा डिव्होर्स झाला, सगळं आम्हाला माहीत असतं. पण हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. शेजारीण हसली, घड्याळ बघितलं, "धिस वॉज लव्हली" म्हणाली आणि उठली. दार लागल्यावर विहीणबाई मला म्हणतात, "चांगल्या गप्पा झाल्या. जरा मोकळ्या झाल्या असत्या तर अजून मजा आली असती." यांच्याकडे म्हणे जेवणाच्या टेबलावर यावर तास तास वाद घालतात आणि मग मिठ्या मारून घरी जातात. मला वाटलं, दोघींना दोन खुर्च्यांवर बसवावं, मध्ये एक फळा लावावा आणि छडी घेऊन शिकवावं. त्या दिवसापासून शेजारीण लांबूनच हात हलवायला लागली.

मग तो दिवस. जावई ऑफिसला, लेक वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये, हे डेंटिस्टकडे. मी डिंक आणि खारीक आणायला इंडियन स्टोअरमध्ये गेले होते. लाडू विहीणबाईंसोबत द्यायचे होते. त्या दिवशी मागच्या अंगणात पानं गोळा करणारी माणसं आली होती, त्यांच्या ब्लोअरचा नुसता कल्ला. म्हणून विहीणबाईंनी बाबागाडी पुढच्या पोर्चवर आणली, उन्हात. आणि आत खिडकीशी विणत बसल्या, गाडी नजरेसमोर ठेवून. वागण्यात काही म्हणता काही चूक नव्हती. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला आतली आजी दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त थंडीत एकटं टाकलेलं बाळ.

मी वळणावर आले आणि घरासमोर पोलिसांची गाडी दिसली. यांना काही झालं असेल, असंच आलं मनात. ड्राइव्ह-वेवर गाडी कशीबशी उभी केली, तर पोर्चवर एक तरुण पोलीस, पोर टाहो फोडून रडतेय, आणि विहीणबाई त्या पोलिसाला रागावताहेत. "तुम्ही तिला उठवलंत! झोपलेल्या बाळाला कुणी उठवतं का?"

तो शांतपणे म्हणत होता, "मॅम, मागे व्हा." त्याचं काम तो करत होता, आवाजही चढवला नव्हता. पण विहीणबाई मागे कशाला होतायत! त्यांच्या देशात पोलीस म्हणजे वाट विचारायचा माणूस; इथे त्याच्या अंगाला हात लावला तर तो पिस्तूल काढू शकतो, हे त्यांना कुठलं माहीत! त्यांनी सरळ त्याचा हात धरला आणि बाबागाडीवरून बाजूला सारला.

तेवढ्यात लेक दार उघडून धावत आली आणि किंचाळली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "डोन्ट टच हिम! हात वर घ्या! त्याला तुमचे हात दिसू देत!" विहीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. लेकीने स्वतःचेही हात वर केले होते. आणि मी? मीसुद्धा ड्राइव्ह-वेवर डिंकाची पिशवी खाली टाकून दोन्ही हात वर करून उभी होते. कुणी सांगितलं नव्हतं. पोर तशीच रडत होती, आणि तिला उचलायला आमच्यापैकी कुणाचा हात मोकळा नव्हता.

पुढे काही वाईट झालं नाही, हेही सांगते. पोलिसाने सगळं ऐकून घेतलं, बाळ खुशाल आहे हे बघितलं, "हॅव अ गुड डे" म्हणाला. नंतर मुलांची नीट काळजी घेतात की नाही ते बघणाऱ्या सरकारी खात्यातून एक बाई आली, पाळणा बघितला, फ्रिज उघडून बघितला, आणि हसून म्हणाली, "एव्हरीथिंग लुक्स ग्रेट!" प्रकरण तिथेच मिटलं. पण जावई त्या हसण्यावर जो भडकला! "आमच्यावर संशय घेऊन घरात येते आणि ग्रेट म्हणते?" मला त्याचाही राग आला. अरे बाबा, हसली म्हणजे सुटलात, एवढं कळत नाही? मग त्या खात्यातल्या बाईचा आला, मग विहीणबाईंचा, मग समोरच्या घराचा. फोन कुणी केला ते काय सांगायला हवं होतं? आमच्या पोर्चसमोर एकच खिडकी आहे.

विहीणबाई डोळ्यांत पाणी आणून एकच विचारत होत्या, "तिने येऊन बेल का नाही वाजवली? मी आतच होते."

मला वाटलं, आता विहीणबाई मुलाला घेऊन जायचा हट्ट धरणार. त्यांनी अवाक्षर काढलं नाही. जावईही बोलला नाही. बोलली ती माझी लेक. लाडू वळताना माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, वी आर गोइंग."

"अगं, एका फोनवरून?" मी म्हटलं. "तुझ्या सासूबाईंना इथली रीत माहीत नव्हती म्हणून झालं ते. तुला तर सगळं माहीत आहे. तुझं काय अडतंय इथे?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं मराठीत बोलली, जे ती सहसा करत नाही. "तिला माहीत नव्हतं, आई. मला माहीत होतं. माझे हात आपोआप वर गेले. माझ्या मुलीला ते माहीत व्हायला नकोय मला."

मी लाडू वळत राहिले. फार राग आला होता, आणि तो घालायचा कुणावर तेच कळत नव्हतं. हा देश मी निवडला, लेकीने नाही, ती इथली आहे. आणि इथलीच पोरगी मला सांगत होती की इथे नको. मागच्या गल्लीतलं घर कुणीतरी दुसऱ्याने घेतलं. त्यांनी स्वयंपाकघर पांढरं रंगवलंय.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी बेल वाजली. शेजारीण, हातात बनाना ब्रेड. "किती दिवसांत बाळ दिसलं नाही. आय मिस हर सो मच. परत कधी येणार?"

मी सांगितलं की आता नाही येणार, गेले ते तिकडेच राहायला. तिचा चेहरा खरोखर पडला, ते नाटक नव्हतं. मग आपणहूनच म्हणाली, "त्या दिवशी फोन मी केला होता. मला फार काळजी वाटली. पोलीस येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. एक क्षण तिच्यावरची नजर काढली नाही मी."

"मग रस्ता ओलांडून बेल का नाही वाजवलीत?" विहीणबाईंचा प्रश्न मी विचारला.

ती गोंधळली. मी काहीतरी विचित्र विचारलंय, असं बघितलं माझ्याकडे. म्हणाली, "मला तुमच्या घरात लुडबुड करायची नव्हती."

ओठांवर खूप काही आलं होतं, मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांतलं. पण तीस वर्षं इथे काढलीत मी. बनाना ब्रेड घेतला, तोंडभर हसले आणि म्हटलं, "थँक यू सो मच. यू मस्ट कम ओव्हर समटाइम."

तिला अर्थ बरोबर कळला. परत आली नाही.