एकाच पोटात दोन दुखणी

गणपती झाल्यावर मी मुलीला घेऊन वरंधला माहेरी गेले होते. कापड्याला सासरी परतलो आणि तिला जुलाब सुरू झाले. ती तेव्हा तीन वर्षांची. नवरा मुंबईला कामाला. घरात मी आणि सासूबाई.

"तुझ्या माहेरचं पाणी बाधलं गो तिला," सासूबाई म्हणाल्या.

"आपल्या नळाला गढूळ येतंय, ते नाय दिसत तुम्हाला?"

मी दुपटी धूत होते, त्या पेज करत होत्या, आणि आमचं भांडण तिथंच अडकून पडलं होतं.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी शौचाची तपासणी करून घेतली. पाण्यातून पोटात जाणारा एक परजीवी सापडला. दुखण्याला नाव मिळालं, म्हणून मला हायसं वाटलं. औषधानं पोर जरा सावरली. मग पुन्हा तेच, आता आव आणि रक्तही. अंगात ताप. कपडे बदलताना ती रडायचीसुद्धा नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

सहा आसनी रिक्षानं आम्ही तिला महाडला नेलं. दवाखान्यात दाखल करून सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा नमुना घेऊन जंतू वाढवून बघायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "जंतू दोन आहेत. आधी सापडलेला आहेच, सोबत रक्ती आव करणारा दुसराही आहे."

"म्हणजे पहिलं औषध चुकलं?"

"चुकलं नाही, अपुरं पडलं. एक सापडला की वाटतं, कारण मिळालं. पण लहान मुलांच्या पोटात कितीदा तरी दोन-तीन एकत्र असतात. त्यातला नेमका कोण त्रास देतोय, हेही दर वेळी कळत नाही."

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. "पण आलं कुठल्या पाण्यातनं?"

"ते नाही सांगता येणार, आजी. दोन्ही एकाच पाण्यातून आले असतील, नाहीतर एक इथून, एक तिथून. हा दुसरा तर न धुतलेल्या हातांवरूनही येतो."

मला वाटलं होतं, एकदाचा निकाल लागेल. सासूबाईंनाही तसंच वाटलं असणार. पण भांडायचं त्राण दोघींतही उरलं नव्हतं.

दुसऱ्या औषधानं रक्त थांबलं, ताप उतरला. घरी आल्यावरही पोट ताळ्यावर यायला बरेच दिवस गेले. तिचे हात नुसते काड्यांसारखे झाले होते. सासूबाई आता रोज पडवीतल्या चुलीवर पाणी उकळायच्या. लाकडं ओली, घरभर धूर. डोळे चोळत त्या फुंकणी फुंकत राहायच्या.

आई नातीला बघायला आली, तेव्हा सासूबाईंनी तिच्यापुढे तांब्या ठेवला. "उकळलेलं हाय."

"आम्ही पण उकळतो आता," आई म्हणाली आणि प्यायली.

मग दोघी भाताच्या लोंब्यांवर बोलत बसल्या. पोर माझ्या आईच्या मांडीवर होती. मी भिंतीला टेकले, आणि बसल्या जागी माझा डोळा लागला.