बाळकृष्णाला पाण्यातून काढलं तेव्हा

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण खुळी नाही. अंगात आलेल्या बाईला मी आधी प्यायला पाणी देते आणि मग घरी जायला सांगते. या सदरातल्या चमत्कारांच्या गोष्टी नात मोठ्याने वाचते तेव्हा सगळ्यात आधी मी हसते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

आम्ही दोघं कोथरूडला लेकीकडे राहतो. वंदना आमची एकुलती एक. ह्यांचं पूर्वी मंडईजवळ शिवणकामाचं दुकान होतं. ते बंद होऊन कैक वर्षं झाली. पण विसरायचा आजार लागल्यापासून हे रोज आंघोळ झाली की चपला शोधायचे – "दुकान उघडायचंय." म्हणून दाराला आतून कुलूप असायचं. पावसाळ्यात एका सकाळी गॅसवाला आला, दार उघडं राहिलं, आणि हे गेले.

मंडई पालथी घातली. दुकान होतं तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. त्या पोराने मानही वर केली नाही. चौकीत फोटो दिला, तो वंदनाच्या लग्नातला.

"आजी, यात तरुण दिसतात हो," हवालदार म्हणाला.

"मग जरा म्हातारे करून बघा," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

रात्रभर पाऊस. ह्यांना फुटपाथ चढायला हात द्यावा लागतो, गुडघे गेलेत. स्वेटरही घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वंदनाच्या डोळ्यांतलं पाणी संपलं. ती नुसती फोन हातात घेऊन बसली होती.

शेजारच्या काकू आल्या. "अहो, देव पाण्यात ठेवा. मागणं पुरं होईपर्यंत काढायचेच नाहीत. त्याचा जीव गुदमरला की बरोबर धावतो."

असलं मी जन्मात केलं नव्हतं. पण त्या दुपारी कोणी शेण खा म्हटलं असतं तरी खाल्लं असतं. देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण उचलला, पातेल्यात ठेवला, वरून पाणी ओतलं आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले.

बघत राहिले... पितळेचा एवढासा जीव, एक हात वर केलेला. थंडीच्या दिवसांत मी त्याला कोमट पाण्याने आंघोळ घालते. आणि आज गार पाण्यात बुडवून म्हणत होते, माझं काम कर, मग काढते.

वंदनाच्या आधी माझी दोन बाळं गेली. तेव्हा ह्याच बाळकृष्णाला मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या होत्या. त्याने ऐकून घेतल्या. आणि रोज सकाळी उठून स्टोव्ह पेटवायचं बळ कुठून यायचं, ते मला ठाऊक आहे. ते माझं नव्हतं. ज्याने माझ्यावर एवढी माया केली, त्याला धाक दाखवायचा?

मी हात घालून त्याला बाहेर काढलं. पदराने डोकं पुसलं, तोंड पुसलं.

"आई, काय करतेस? बाबा आले नाहीत अजून," वंदना ओरडली.

"माहितीये मला."

"मग कशाला काढलास?"

"तो काय वैरी आहे आपला?" मी म्हटलं. मग त्यालाच म्हणाले, "त्यांना आण, नाहीतर नको आणूस. तू दयाळू आहेस एवढं मला पुरे. ते जिथे असतील तिथे त्यांच्यापाशी राहा." आणि मग मी जी रडायला लागले, ती थांबेचना.

संध्याकाळी फोन आला. वाघोलीच्या चौकीतून. कोथरूड कुठे, वाघोली कुठे! बसने गेले असतील. एका नव्या इमारतीसाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर हे बसलेले वॉचमनच्या बायकोला दिसले. खड्डा पावसाने भरलेला, वरून पाऊस चालूच. गळ्यापर्यंत कपडे चिखलाने माखलेले, म्हणजे आत पडले होते हे उघड होतं. पण तोंड आणि केस स्वच्छ, कोरडे. कोणीतरी नीट पुसल्यासारखे.

"तुम्ही पुसलंत का हो?" तिथे पोचल्यावर मी तिला विचारलं.

"न्हाई ओ आजी. मी आले तवा असंच व्हते. जवळ कुणी बी नव्हतं."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं तू काढलंस. पाणी फार गार होतं."

वंदना म्हणते, एखाद्या मजुराने काढलं असेल. असेल. मग तो थांबला का नाही? आणि भर पावसात केस कोरडे कसे?

हे बरे झालेले नाहीत. होणारही नाहीत, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. परवा मलाच विचारत होते, "बाई, आपण कोणाकडच्या?" मी म्हटलं, "तुमच्याच." त्यावर म्हणाले, "मग बसा." बसले. काकूंनी परत सुचवलं, देव पाण्यात ठेवा म्हणून. मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.