अक्काच्या नावावरचं मशीन

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या माझ्या दुकानात एका बाईंच्या रेशनकार्डाची झेरॉक्स काढत होतो. भाची पूजा एवढंच म्हणाली, "मामा, आई उठंना." मी त्या बाईंना सुटे पैसे परत दिले, शटर ओढलं आणि वाशीची एसटी धरली. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही... महिना होत आला.

अक्का माझी थोरली बहीण. वाशी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. दाजी लवकर गेले, पूजाला तिनं एकटीनं वाढवलं. स्वभावानं फटकळ. खिचडीच्या डाळीत खडे निघाले तर पोतं आणणाऱ्याला दारातच उभं करायची. कुणाचाही कागद चष्मा लावून दोनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही. माझ्या कागदावर मात्र, "कुठं कुठं करू, खुणा कर," एवढंच. मी पेन्सिलीनं फुल्या मारायचो, ती सह्या करायची.

झेरॉक्सचं मोठं मशीन हप्त्यावर घ्यायचं होतं तेव्हा माझ्याकडं दुकानाचा भाडेकरार नव्हता. फायनान्सवाला म्हणाला, दर महिन्याला पगार येणारं घरातलं कुणी बघा. मी अक्काला सांगितलं, साक्षीदार म्हणून सही लागते. तिनं फुल्यांवर सह्या केल्या, फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि चहा न घेताच गाडीला पळाली. पुढं धंदा बसला, माझे चार हप्ते थकले. नंतर सगळे फेडले. विषय संपला असं मी धरून चाललो.

मागच्या वर्षी पूजाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. धाराशिवच्या बँकेनं शिक्षणाचं कर्ज नाकारलं, सहकर्जदार म्हणून आईचा क्रेडिट रिपोर्ट खराब. अक्का तडक दुकानात आली. "बघ रे, काय घोळ हाय." मी रिपोर्ट त्याच मशीनवर छापला. दोन कर्जं होती. एक कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या मोबाईलचं. दुसरं माझ्या मशीनचं, त्यात ती साक्षीदार नव्हे, कर्जदार होती. "म्या कुणाचा रुपया घेतला न्हाय," ती म्हणाली. मी मान खाली घालून तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म भरला आणि दोन्ही कर्जांपुढं 'हे कर्ज माझं नाही' हा पर्याय निवडला. लाज वाटत होती.

मोबाईलचं कर्ज खरंच तिचं नव्हतं, ते महिनाभरानं रिपोर्टातून काढून टाकलं. मशीनवाल्या कंपनीनं मात्र कराराची प्रतच तिच्या घरी पाठवली. ती घेऊन अक्का आली. मशीन ठेवण्याची जागा म्हणून माझ्या दुकानाचा पत्ता होता, तिथं तिनं बोट ठेवलं. मला वाटलं, आता गिऱ्हाइकांसमोर माझी खरडपट्टी काढणार. ती हळू आवाजात म्हणाली, "ही तक्रार माघारी घे. सही माझीच हाय."

"अक्का, मी बँकेत येऊन खरं सांगतो."

"काय सांगशील? फसवून सही घेतली म्हणून? तुलाच पोलिसात नेतील. गप बस."

बँकेत तिनं हप्ते आपणच विसरलो असं सांगितलं. थकलेले हप्ते खरेच होते, ते रिपोर्टातून कोण काढणार... कर्ज मिळालं नाही. घरावर नवे पत्रे टाकायला साठवलेल्या पैशातून तिनं पहिल्या वर्षाची फी भरली. त्यानंतर ती दुकानात यायची, बसायची, चहाही घ्यायची. पण त्या मशीनविषयी पुन्हा एक शब्द काढला नाही. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात पूजाच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी मी सहकर्जदार म्हणून बँकेत गेलो. साहेबांनी माझा रिपोर्ट काढला. एकही डाग नाही. असणार कसा?

पूजा वाकून बघत म्हणाली, "मामा, तुमचा स्कोअर तर लई चांगला हाय की. आईचाच कसा काय बिघडला होता?"

मी सही केली. तिथं तिला काही सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिलं. वर्तमानपत्राची ही पुरवणी तिच्या हॉस्टेलवर येते.