सहाव्या खुर्चीचा उतार

बस-डेपोच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं सीटा भरल्या, त्यामुळे त्यांचं नावच पडलं सीटमास्तर. माणूस निवृत्त होऊन चार वर्षं झाली, नाव काही निवृत्त झालं नाही. लोक कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघतात. सीटमास्तर बसायच्या आधी बैठकीत अंगठा दाबून बघायचे. बँकेत, दवाखान्यात, न्हाव्याकडे. एकदा मुलाच्या सासऱ्यांच्या नव्याकोऱ्या सोफ्यात अंगठा खुपसून म्हणाले, "फोम हलका घातलाय. वर्षभरात खड्डा पडेल." वर्षभरात पडलाच. सासरे तेव्हापासून यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत.

डेपोत त्यांची एक ख्याती होती. फाटकी सीट उघडली की आतला काथ्या चाचपून ते बसणाऱ्याची जन्मपत्रिका सांगायचे. हा ड्रायव्हर मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवतो. ह्याचा उजवा गुडघा दुखतो. हा कंडक्टर सीटवर बसतच नाही, नुसता टेकतो. पोरं हसायची, मग जाऊन विचारून यायची आणि गप्प व्हायची.

तर अशा माणसाच्या दारात मार्च महिन्यात सहा शिसवी खुर्च्या येऊन उतरल्या. मामांच्या जेवणाच्या टेबलाच्या. मामा पंचाण्णवाव्या वर्षी गेले, आणि जाताना कागदावर लिहून गेले : सहाही खुर्च्या भाच्याला. का, ते लिहिलं नव्हतं.

या खुर्च्या सीटमास्तरांना चांगल्या ठाऊक होत्या. पाठीवर द्राक्षाचा वेल कोरलेला, पाय खाली वळून सिंहाच्या पंजासारखे झालेले, बैठकीला मरून मखमल. लहानपणी सुट्टीत मामांकडे गेलं की यांची जागा ठरलेली, कोपऱ्यातलं स्टूल. "बारक्या, चड्डीला चिखल आहे. खुर्चीला हात नको." चिखल नसला तरी असायचाच. स्टुलावर बसून, मांडीवर ताटली घेऊन बारक्या मोठ्यांच्या पाठी बघत जेवायचा.

बारक्या म्हणणारी माणसं हळूहळू गेली. आई गेली, मामी गेली, आता मामा. उरली एक अक्का, मामांची थोरली लेक. तिने लग्न केलं नाही, वडिलांचं केलं. रोज सकाळी त्या खुर्च्या पुसायची, द्राक्षाच्या एकेका मण्यात फडक्याचं टोक घालून. आणि कागदात तिच्या नावाने घर होतं, भांडी होती, सगळं होतं, फक्त खुर्च्या नव्हत्या.

तेव्हापासून तिचं बोलणं बंद. फोन यायचा, पण सीटमास्तरांच्या बायकोला. "आहेत का घरात? असू देत. तू सांग कशी आहेस." नवरा समोर बसून कान टवकारायचा आणि बायको मान हलवायची, की नाही विचारलं.

"अहो, देऊन टाका तिच्या तिला," बायको म्हणाली.

"म्हटलं होतं मी, कागद वाचला त्याच दिवशी. म्हणाली, बापाने दिलेलं मी परत घेणारी कोण?"

"मग रुसलीय कशाला?"

"ते तिलाच माहीत."

सीटमास्तरांना खुर्च्यांचं फार नव्हतं. पण आपल्याला बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय आणि ते आपल्याशी बोलत नाही, ही गोष्ट चपलेतल्या खड्यासारखी दिवसभर टोचत राहायची.

मखमल तर पार कुजली होती. बोट लावलं की भुकटी. चार-चार स्क्रू काढून त्यांनी सहाही बैठका सुट्या केल्या, खाली अंगणात वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, मागे खडूने एक ते सहा आकडे टाकले आणि एकेक उघडायला घेतली. हात आपोआप चालायला लागला. पहिलीत मधोमध खोल खड्डा : मामा. दुसरी डावीकडे झुकलेली : मामांचे धाकटे भाऊ, त्यांना कुशीवर रेलून गप्पा मारायची सवय. तिसरी पुढच्या काठाला दबलेली : मामी, जेवतानाही उठायच्या तयारीत. चौथी, पाचवी पाहुण्यांच्या, कमीजास्त.

सहावी उघडली आणि ते थांबले.

काथ्या जसाच्या तसा. भरला त्या दिवशी जसा फुललेला असेल तसा. खालचे आधाराचे पट्टे ताठ. पन्नास-साठ वर्षांत त्या बैठकीवर कुणाचं वजन पडलं नव्हतं. मामांचा आवाज कानात आला. पाहुण्यांना ते खुर्च्या दाखवायचे आणि शेवटी सांगायचे, "ही सहावी. ही आमच्या अक्काची."

सीटमास्तर आठवायला लागले. अक्का वाढताना आठवली. अक्का पाण्याचा जग घेऊन उभी आठवली. फडकं घेऊन वाकलेली आठवली. बसलेली काही आठवेना.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते सहाव्या बैठकीवर हात ठेवून नुसते बसले होते.

"काय हो, सापडलं काय आत? सोनं?"

"काहीच नाही सापडलं," ते म्हणाले. "तेच तर."

दुसऱ्या दिवशी कापड आणायला गेले. दुकानदाराने मखमल दाखवली, जरीची वेलबुट्टी दाखवली. सीटमास्तरांनी प्रत्येकावर अंगठा फिरवला आणि नको म्हटलं. ह्या कापडावर बसायचं म्हणजे आधी स्वतःचं ढुंगण तपासा. त्यांची नजर खालच्या फळीवर गेली. निळे-पांढरे पट्टे, जाड सुती, गादीच्या खोळीचं.

"गाद्या किती आहेत?" दुकानदाराने विचारलं.

"गाद्या नाहीत. खुर्च्या."

"बागेतल्या?"

"शिसवी. जेवायच्या."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कापड मापायला घेतलं.

बायकोने मात्र तोंड सोडलं. "कोटाला पायजम्याची नाडी बांधतात का कुणी? ती आधीच फुगून बसलीय. हे बघून तर आपल्या दारात पाय ठेवायची नाही!"

"सांडलं तर धुता येतं. धुतलं की मऊ होतं. आणि बसायला कुणाला विचारावं लागत नाही."

"तुमचं तुम्हाला माहीत."

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. बायकोने ऐकून घेतलं, ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "रविवारी येतेय. खुर्च्या बघायला. म्हणाली, नीट ठेवल्या नसतील तर न्यायला टेम्पो घेऊनच येते."

चार दिवस होते. सीटमास्तरांनी जीव ओतून काम केलं. नवे पट्टे आवळले, काथ्या पिंजला, वर कापूस, वर पट्ट्यांचं कापड असं ताणलं की निळी रेघ सगळ्या खुर्च्यांवर बरोबर मध्यावर यावी. शनिवारी दुपारी सहाही खुर्च्या टेबलाभोवती लागल्या. काळंभोर लाकूड, त्यात निळे-पांढरे पट्टे. बायकोनेही नाक मुरडायचं सोडून मान तिरकी केली. "दिसतंय तसं बरं," म्हणाली.

मग दोघं जेवायला बसली आणि बायको खुर्चीत मागे घसरली. घास घ्यायला वाकली, पुन्हा मागे गेली.

"अहो, हे काय करून ठेवलंय? मला ताट सापडेना!"

सीटमास्तरांनी खाली वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. बसच्या सीटला पुढचा काठ दोन बोटं उंच ठेवतात, ब्रेक लागला तर माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून. एकतीस वर्षं हाताला तेच वळण. सहाही खुर्च्यांना त्यांनी डेपोचा उतार दिला होता.

"आपल्याला जेवायचंय," बायको हसून हसून बेजार झाली. "गावाला नाही निघायचं! तिकीट फाडा आता!"

ताट तसंच ठेवून सीटमास्तर कामाला लागले. पाच बैठका उघडून सपाट केल्या. सहावी उरली. ती सकाळी निवांत, नीट करायची होती. अक्का दुपारी येणार होती.

अक्का सकाळी नऊलाच आली. खालून टेम्पोचा आवाज सीटमास्तरांनी ऐकला. त्यांनी घाईघाईने सहावी बैठक तशीच उताराची चौकटीत बसवली आणि ती खुर्ची टेबलापासून लांब, खिडकीखाली भिंतीला सरकवली. निदान तिकडे कुणी बसणार नाही.

अक्का आत आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, पाठीत वाकलेली. कुणाशी न बोलता टेबलाभोवती एक फेरी मारली. पट्ट्यांवरून हात फिरवला. मग फडक्याशिवायच, नखाने, एका द्राक्षाच्या मण्यात साचलेली धूळ काढून बघितली. धूळ नव्हती.

"गादीचं कापड," ती म्हणाली. भिंतीला म्हणाली.

"बसा ना अक्का," बायकोने टेबलाजवळची पहिली खुर्ची ओढली.

पण त्या खुर्चीकडे अक्काचा पाय वळलाच नाही. ती सवयीने टेबल सोडून कडेला गेली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली.

"ती नको!" सीटमास्तर ओरडलेच. "ती अजून व्हायचीय!"

तोवर अक्का मागे गेली होती. उताराने तिला अलगद पाठीकडे नेलं, वाकलेली पाठ द्राक्षाच्या वेलाला टेकली, आणि तिच्या तोंडून निघालेला सुस्कारा खोलीभर ऐकू आला. ती उठली नाही.

मग सीटमास्तरांनीच धीर केला. "अक्का, सहावी उघडली तेव्हा आत काथ्या कोरा होता. कुणी बसलंच नव्हतं."

अक्का खिडकीकडे बघत होती. "वेळ कुणाला होता," ती म्हणाली. "पाहुणे गेले की बसू, असं म्हणायची मी. पाहुणे गेले की भांडी असायची."

"मी स्टुलावरून बघायचो सगळं. हे नाही दिसलं मला."

"तुला का दिल्या, ते मला कळलं नाही."

"मलाही नाही कळलं, अक्का."

हे खरंच होतं, आणि ते तिला पटलेलं दिसलं. बायको ताट घेऊन आली तशी अक्का सवयीने वाढायला उठू लागली, पण त्या उतारातून उठणं सोपं नव्हतं. बायकोने खांद्यावर हात ठेवून तिला परत मागे बसवलं आणि ताट मांडीवर दिलं. अक्का टेकून, पाय अधांतरी, पोरीसारखी जेवली. दोनदा बटाट्याची भाजी मागून घेतली. मग ताट कधी खिडकीत ठेवलं आणि डोळा कधी लागला, कळलंच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत झोपतात तशी झोपली, तोंड अर्धवट उघडं टाकून.

टेम्पोवाला वर आला. "काय न्यायचंय? खाली किती वेळ थांबू?"

"श्श," सीटमास्तर म्हणाले. "बसा. पाच रिकाम्या आहेत."

तो टेबलाशी बसला. खुर्ची ओढल्याच्या आवाजाने अक्काने एक डोळा उघडला.

"बारक्या, त्यालाही वाढ," ती म्हणाली. "पोटात भर पडू दे. मग ही एक खुर्ची खाली घे म्हणावं. सहावी माझी, ती मी नेते. बाकीच्या तुझ्या, तू बस."

सीटमास्तरांच्या चपलेतला खडा कुठे गेला, त्यांना कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "तासभर थांब, उतार काढून सपाट करून देतो."

"हात लावून तर बघ," अक्का म्हणाली आणि तो एक डोळाही मिटून घेतला.