चंदगडचं मशीन झोपेतून का उठत नव्हतं

“मॅडम, ह्ये तुमचं मशीन घिऊन जावा. मला गावात तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाय!”

फोनवर गावडे होते, चंदगड तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सेक्रेटरी. मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत बसून त्यांच्याच मशीनचा लॉग, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेली नोंद, सहाव्यांदा वाचत होते. आमची कंपनी दुधाचं माप आणि फॅट सांगणारी मशीन बनवते. त्यातल्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम माझ्याकडे.

तक्रार साधी होती. लाईट गेली की थोड्या वेळानं मशीन झोपतं, आली की उठतं. गावडेंचं झोपायचं, उठायचं नाही. संध्याकाळी माणसं किटल्या घेऊन दारात आणि स्क्रीन काळा! बंद करायचं बटण आम्हीच ठेवलेलं नाही, लोक उगाच दाबतात म्हणून. मग प्लग काढा आणि बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वाट बघा, म्हणजे ते नव्यानं सुरू होईल. तोवर गावडे फॅट अंदाजानं लिहायचे, आणि गावात बोभाटा झाला की सेक्रेटरीच मुद्दाम मशीन बंद पाडतोय. वीस वर्षं संस्था सांभाळलेल्या माणसावर हा आळ. त्यांना काढायचं की ठेवायचं, यावर रविवारी मीटिंग होती.

आमच्या टेबलावर मात्र तसलंच मशीन दरवेळी उठत होतं.

“ते काहीतरी चुकीचं करतायत,” आमचे मॅनेजर देसाई सर म्हणाले. “युजर एरर लिही आणि क्लोज कर.”

“सर, मशीनला बंद करायचं बटणच नाही. चुकीचं दाबणार काय?”

मी पॉवर ड्रायव्हर उघडला. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि मशीनचा एखादा भाग यांच्यातला मध्यस्थ. याचं काम एवढंच, की वीज गेली तर सगळ्यांना झोपवायचं, आली तर उठवायचं. त्यात अकरा डिपेंडन्सी निघाल्या. म्हणजे ‘अमका तयार झाल्याशिवाय मी पुढे जाणार नाही’ असले अकरा हट्ट! स्क्रीन, वायफाय, कीबोर्ड, प्रिंटर, काय वाट्टेल ते. आमच्याकडे बग आला की कुणीतरी एक ‘थांब’ घुसडायचं आणि वर्षभरात पुण्याला नोकरी धरायचं. का थांबायचं, ते कुणीच लिहिलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. यातल्या कशापायी अडतंय, ते टेबलावर कळेना. शेवटी शुक्रवारी सकाळी एसटी धरली.

संस्थेत पोचले. मशीन होतं, प्रिंटर नव्हता.

“प्रिंटर कुठंय?”

“घरात हाय की,” गावडे म्हणाले. “हितं ओल लई. कागदाचा लगदा हुतोय. सकाळचं दूध झालं की पिशवीत गुंडाळून नेतो, चुलीवरच्या फळीवर ठेवतो. सांजेला आणतो.”

“रोज?”

“व्हय, रोज. मशीन बसवाय आल्याला तुमचाच माणूस बोलला, कोरडा ठेवा म्हणून.”

दुपारी गेलेली लाईट आली की मशीन उठू लागायचं, प्रिंटरची वाट बघत मध्येच असं अडकायचं की संध्याकाळी तो जोडला तरी त्याला कळायचं नाही, आणि दुपारभर प्रिंटर गावडेंच्या घरी ऊब खात बसलेला!

देसाई सरांना फोन केला. “अकरातल्या नऊ काढते. बॅटरी आणि चार्जिंगची चिप, दोनच खऱ्या आहेत.”

“चालतंय ते हलवू नकोस. त्यांना सांग, प्रिंटर लावून ठेवा.”

“चालतंय कुठं, सर? आणि भिजला की नवा प्रिंटर तुम्ही आणून देणार का?”

त्यांनी फोन ठेवला. ती मी परवानगी धरली.

लॅपटॉपवर एकेक काढत गेले. एक काढली की मशीन झोपव, उठव. कशानंच कुरकुर केली नाही. प्रिंटर मागाहून आला तर त्याचा तो जोडला जाईल, एवढं बघितलं. इतकी वर्षं त्या नऊ ओळी कुणासाठी थांबत होत्या, कोण जाणे.

संध्याकाळी रांग लागली. गावडेंनी प्रिंटर पिशवीतच ठेवला आणि सगळ्यांदेखत प्लग उपटला. मशीन झोपेपर्यंत सगळे माना उंचावून बघत होते. मग त्यांनी प्लग लावला. स्क्रीन उजळला.

ते माझ्याकडे नाही, रांगेकडे वळले. “बघितलासा न्हवं? मी बंद पाडत नव्हतो!”

“मग कोण पाडत हुतं?” रांगेतल्या एका म्हातारबांनी विचारलं.

गावडेंनी माझ्याकडे बोट केलं. मलाच सांगावं लागलं, “आम्ही.”

रविवारी गावडेंना कुणी काढलं नाही. मी मात्र एक शिकले. आपल्या टेबलावर सगळं जोडलेलं असतं, म्हणून तिथं काहीच अडत नाही. आता तक्रार आली की लॉग मागायच्या आधी मी विचारते, तुमच्या मशीनला काय काय जोडलेलं नाही?